८ जीबी रॅम वाढवल्यापासून स्कॅन केलेली पानं बिघडतायत. रॅमच खराब आहे हे पक्कं कसं करायचं?

कान्हकाठ (इंदूर), ३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

घरात २०१३ सालचा असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे. तिसऱ्या पिढीचा आय५, एच६१चा बोर्ड, रॅमला दोनच स्लॉट आणि त्यात ४ जीबी डीडीआर३ची, १३३३ वेगाची एक स्टिक (रॅमची पट्टी). एवढ्या वर्षांत एकदा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, बाकी काही तक्रार नव्हती. या मशीनवर मी आजीच्या हिशेबाच्या वह्या स्कॅन करते. आजी रामबागेत राहायची. १९५१पासून रोजचा खर्च, सणावारांची यादी, मध्येच एखादी पाककृती, असं सगळं एकाच वहीत. अकरा वह्या आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून प्रत्येक पान एकदाच काचेवर ठेवायचं असं ठरवलं होतं.

मोठी स्कॅन उघडली की मशीन रडायचं. म्हणून १८ एप्रिलला एसएसडी (वेगवान नवी डिस्क) बसवली आणि ८ जीबीची १६००ची नवी स्टिक रिकाम्या स्लॉटमध्ये टाकून घेतली. दुकानातल्या मुलाने विंडोज सुरू करून १२ जीबी दिसतात ते दाखवलं, मी पैसे दिले, घरी आले.

तिसऱ्या दिवशी ब्लू स्क्रीन. मग दोन दिवस काही नाही, मग एका दुपारी तीनदा. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडतात. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याचा इशारा) येतो. आणि काल जे पाहिलं त्याने पोटात गोळा आला: १९५७च्या वहीतलं एक पान, वरचा अर्धा भाग स्वच्छ, आणि मधल्या एका ओळीपासून खाली सगळं हिरवट होऊन डावीकडे सरकलेलं. आधी वाटलं स्कॅनरचा दिवा गेला. पण पुढची चार पानं नीट आहेत.

दुकानात फोन केला तर म्हणाले, "मैडम, विंडो करप्ट हो गई है, फॉर्मेट मार दो." मारू का?

---

विजयनगर_इंदूर, ३ मे, रात्री ११:०५

ताई, एसएसडीवर जुनं विंडोज क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करून दिलं असेल तर असं होतं. ड्रायव्हर गोंधळतात. फॉरमॅट मारून ताजं विंडोज टाका, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

---

जुनंमशीन (देवास), ३ मे, रात्री ११:२०

कान्हकाठताई, कृपा करून फॉरमॅट मारू नका. आत्ता तरी अजिबात नाही.

आधी स्कॅनिंग थांबवा. कॉपी करणं, फोटो एडिट करणं, बॅकअप घेणं, सगळं थांबवा. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते. रॅममध्ये एक बिट (माहितीचा सर्वांत छोटा कण, शून्य किंवा एक) उलटला तर उलटलेलाच बिट फाइलमध्ये लिहिला जातो आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) तर मुळीच चालवू नका. खराब रॅमवर चेकडिस्क चालवली तर ती चांगल्या नोंदींना चुकीचं समजून 'दुरुस्त' करते. मी एका नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोंचं अख्खं फोल्डर असं गमावलेलं पाहिलंय. आणि खराब रॅमवर नवं विंडोज टाकलं तर त्या विंडोजच्याच फायली सदोष उतरतील.

तुम्ही सांगितलेलं हिरवं पान हे फार बोलकं लक्षण आहे. जेपीईजी प्रकारच्या चित्रफाइलीत माहिती एकामागून एक दाबून बसवलेली असते. मध्ये एक बिट चुकला की उलगडणाऱ्याचा हिशेब तिथून पुढे चुकत जातो, म्हणून वरचं नीट आणि खालचं रंग बदलून सरकलेलं. स्कॅनरचा दिवा गेला असता तर असा एका ओळीवर तुकडा पडला नसता.

मशीन बंद करा. दोन गोष्टी सांगा: ब्लू स्क्रीनवर दर वेळी तेच नाव येतं का वेगवेगळं? आणि जुनी हार्ड डिस्क अजून तुमच्याकडे आहे ना?

---

विजयनगर_इंदूर, ३ मे, रात्री ११:३२

झिपचा सीआरसी मी नीट वाचला नव्हता. जुनंमशीन म्हणतात ते बरोबर. फॉरमॅटचं मागे घेतो.

---

कान्हकाठ, ४ मे, सकाळी ८:१५

मशीन बंद केलंय. ब्लू स्क्रीनची नावं वेगवेगळी होती. मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती: मेमरी मॅनेजमेंट दोनदा, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल दोनदा. जुनी हार्ड डिस्क आहे, पण ती एक टीबीची डेटासाठी आतच लावलेली आहे.

अजून दोन गोष्टी. सगळं बहुतेक दुपारीच होतं, दोन ते पाचच्या मध्ये. मशीन वरच्या मजल्यावर गच्चीखालच्या खोलीत आहे आणि सध्या इंदूरला दुपारी चाळिशीच्या पुढे पारा असतो. दुसरं, एक फाइल परवा बिघडलेली दिसली, आणि मशीन बंद करून परत लावल्यावर तीच फाइल व्यवस्थित उघडली! याचा अर्थ काय?

विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक पण परवा रात्री चालवली होती. "काही दोष आढळला नाही" असं आलं.

---

दांडियाबाजार (वडोदरा), ४ मे, सकाळी ९:५०

मी वीस वर्षं मशीनच दुरुस्त करतो, म्हणून मध्ये बोलतो.

वेगवेगळी नावं हीच खूण. एखादा ड्रायव्हर खराब असला तर तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडतो, नावही तेच आणि फाइलही तीच. रॅमचा दोष त्या क्षणी त्या जागेवर जे कोणी बसलेलं असेल त्याला लागतो, म्हणून आज ब्राउझर, उद्या विंडोज, परवा तुमचं पान.

परत लावल्यावर नीट उघडलेल्या फाइलचं उत्तर सोपं आहे आणि आनंदाचं आहे. ती डिस्कवर चांगलीच होती, फक्त वाचून रॅममध्ये आणताना बिघडलेली दिसली. हिरवं पान परत लावूनही हिरवंच दिसत असेल तर ते लिहितानाच बिघडलं.

आता दुपारचं. डीरॅममध्ये, म्हणजे या स्टिकवरच्या चिपांमध्ये, प्रत्येक बिट म्हणजे एक अतिशय लहान कपॅसिटर. त्यातला चार्ज सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ परत भरावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते. इतकी, की चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हेच काम ३२ मिलिसेकंदांत करायचं असा नियम आहे. तुमच्या स्टिकमध्ये एखादा सेल कमकुवत असेल तर तो रात्री आपल्या पाळीपर्यंत तग धरतो आणि दुपारी धरत नाही. म्हणून रात्री चालवलेली, तीही विंडोजची साधी तपासणी, पास झाली याला मी काहीच किंमत देणार नाही. ती मुळात 'स्टँडर्ड'मध्ये दोन फेऱ्या करून थांबते. तिच्यातही एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडता येतं, पण आपण दुसरंच हत्यार घेऊ.

मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम घ्या. फुकट आहे. सहाव्या आवृत्तीपासून जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर (मशीन सुरू करणारे बोर्डमधले प्रोग्राम), दोन्हीकडे चालतं. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे कोणाच्या तरी लॅपटॉपवर, त्याचा पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, रिकामाच घ्या. तपासण्याआधी हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्हींच्या वायरी काढून ठेवा. मेमटेस्टला डिस्क लागत नाही, आणि तुमच्या वह्या सुरक्षित राहतात.

मग दोन्ही स्टिका लावून एकदा, भर दुपारी. एरर आला की थांबा, आणि एकेक स्टिक एकटी, प्रत्येक स्लॉटमध्ये. स्टिक बदलताना मागची विजेची पिन काढायची, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा. कूलरसमोर बसून हे काम करू नका, ओल येते.

एरर आला की स्क्रीनवर लाल ओळ येते. तशी ओळ एकही चालत नाही. "हजारातून एकच एरर आहे" असं म्हणायचं नसतं.

---

लष्कर_ग्वाल्हेर, ४ मे, सकाळी १०:३०

एक शंका. नव्या स्टिकवर चिपा किती आहेत ते मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या इंटेलला ८ जीबीच्या स्टिकवर सोळा चिपा लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. फक्त आठच चिपा असतील तर त्या ८ गिगाबिटच्या, आणि त्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) त्यांना ओळखत नाही. शिवाय बाजारात फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या स्वस्त डीडीआर३ स्टिकाही आहेत. त्या इंटेलवर बहुधा सुरूच होत नाहीत, पण कोणी काय चिकटवून विकेल सांगता येत नाही.

---

सुदामानगर, ४ मे, सकाळी ११:१०

आधी सोनेरी टोकं खोडरबराने घासून बघा. आमच्या ऑफिसात दहातली पाच मशीनं त्यानेच सुरू होतात.

---

जुनंमशीन, ४ मे, सकाळी ११:२५

खोडरबराने सुरू होतात ती मशीनं मुळात सुरूच होत नसतात, बीप मारत असतात. तिथे टोकांवरची काजळी हे कारण असतं. नव्या स्टिकवर रबर घासू नये असं माझं मत आहे. सोन्याचा थर फार पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवं दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एकदा फिरवा, वाळू द्या, बस.

---

कान्हकाठ, ६ मे, रात्री ९:३०

दोन दिवस लागले, पण सगळं केलं. क्रमाने सांगते.

चिपा सोळा आहेत, आठ-आठ. लेबलवर १.५ व्होल्ट. अल्कोहोलने पुसून घेतलं. पेनड्राइव्ह शेजारच्या काकूंच्या मुलाने करून दिला.

४ तारखेला दुपारी दोन्ही स्टिका लावून सुरू केलं. पंचवीस मिनिटं काहीच नाही. मी पंखा बंद केला, खिडकी उघडली. मग एकदम तीन लाल ओळी. हात थरथरले, पण खरं सांगते, सुटका झाल्यासारखंही वाटलं, कारण दोन आठवडे मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

ओळीत दोन रकाने दिसले, एक 'असायला हवं ते' आणि एक 'सापडलं ते'. डावीकडे आठच्या आठ अक्षरं एफ. उजवीकडे सात एफ आणि पाचव्या जागी डी. तिन्ही ओळींत तेच. फोटो काढून ठेवला.

मग एकेक. जुनी ४ जीबी, पहिला स्लॉट: चार फेऱ्या, शून्य. जुनी, दुसरा स्लॉट: चार फेऱ्या, शून्य, तीही काल दुपारी. नवी ८ जीबी, पहिला स्लॉट, काल रात्री: एक फेरी पूर्ण झाली आणि शून्य! इथे मी गोंधळले. पण आज दुपारी तिलाच परत लावली तर पन्नासाव्या मिनिटाला एरर. दुसऱ्या स्लॉटमध्येही एरर. आणि दर वेळी पाचव्या जागी एफचा डी.

---

दांडियाबाजार, ६ मे, रात्री १०:१०

ताई, फार नीट काम केलंत. फोटो आहे हे उत्तम.

तिथलं प्रत्येक अक्षर म्हणजे चार बिट: एफ म्हणजे ११११, डी म्हणजे ११०१. एकच बिट, एकाचा शून्य झालेला, आणि स्लॉट बदलला तरी जागा तीच. दोष स्लॉटबरोबर राहिला असता तर बोर्ड, किंवा प्रोसेसरच्या खालच्या पिना. इथे दोष स्टिकबरोबर फिरतोय.

एकच पळवाट उरते, तीही बंद करू. एकटी लावल्यावर ती १६००वर चालते, जुनीबरोबर लावल्यावर दोघी १३३३वर येतात. तुम्हाला दोन्हीकडे एरर आले, म्हणजे वेगाचा प्रश्न नाही. पण व्होल्टेज किंवा वेग वाढवण्याचं एखादं प्रोफाइल बायोसमध्ये चालू नाही ना, तेवढं बघा.

---

लष्कर_ग्वाल्हेर, ६ मे, रात्री १०:४०

माझी चिपांची शंका संपली. तरी एक राहतंच: मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, आणि ८ जीबीच्या दोन्ही बाजूंच्या स्टिकचा भार ४ जीबीपेक्षा जास्त. जुनी स्टिक पास झाली म्हणून कंट्रोलर पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. दुसरी ८ जीबी लावून पास झाली की मगच. त्यामुळे दुकानातून पैसे परत घेण्यापेक्षा बदलून घ्या, म्हणजे उत्तरही मिळेल.

---

कान्हकाठ, ७ मे, दुपारी १:२०

प्रोफाइल काही चालू नाही. दुकानात जाऊन आले. म्हणतात, "चल तो रही है, बूट हो रही है." बिल आहे, बिलावर स्टिकचा नंबर पण आहे. काय बोलू?

---

जुनंमशीन, ७ मे, दुपारी १:४५

वाद घालू नका. पेनड्राइव्ह घेऊन जा आणि त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच डोळ्यांसमोर लावायला सांगा. तासभर बसायची तयारी ठेवा. बूट होणं म्हणजे पास होणं नव्हे, हे त्यांनाही माहीत असतं. लाल ओळ दिसली की कोणी नाही म्हणत नाही. तरीही अडले तर स्टिकवरचा नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जा. रॅमची वॉरंटी सहसा लांब असते.

आणि हो, भर दुपारी जा.

---

विजयनगर_इंदूर, ७ मे, दुपारी २:००

मी त्याच भागात असतो. एकटीने जायचं नसेल तर चार वाजता येतो बरोबर.

---

कान्हकाठ, ८ मे, रात्री ८:००

विजयनगरदादा खरंच आले होते, त्यांचे आभार. दुकानाच्या काउंटरवरच्या मशीनवर लावली. चाळीस मिनिटं काही नाही, मुलगा आमच्याकडे बघून हसत होता. मग एक ओळ. पाचव्या जागी डी. वेगळा बोर्ड, वेगळा प्रोसेसर, तोच बिट. मालक स्वतः उठून आले, स्क्रीन वाचली, एक शब्द न बोलता दुसरी स्टिक काढून दिली. चहाही पाजला.

नवी रात्रभर लावून ठेवली, आणि आज सकाळी दहा ते सहा परत, पंखा बंद करून. जुनीबरोबर मिळून सहा फेऱ्या. शून्य.

आता मुख्य प्रश्न. १८ एप्रिल ते ३ मे मी २१२ पानं स्कॅन केलीत. हिरवी दिसणारी चारच आहेत. बाकीची चांगली धरू का?

---

दांडियाबाजार, ८ मे, रात्री ८:५०

त्या काउंटरवरच्या ओळीने ग्वाल्हेरच्या शंकेचंही उत्तर दिलं.

पानांबद्दल मी कडक बोलणार आहे. धरू नका. जेपीईजीत स्वतःची तपासणी करणारं काही नसतं. एखादा बिट असा उलटतो की अर्धं पान हिरवं होतं, एखादा असा की चौकोनभर जागेत शाईची छटा बदलते आणि कोणाला कळत नाही. हिशेबाची वही आहे, तिथे ठिपका गेला तर आकडा बदलतो. पीएनजी प्रकारच्या चित्रफाइलीत प्रत्येक तुकड्याला सीआरसी (पडताळणीचा आकडा) असतो, पण बिट जर तो सीआरसी काढण्याआधीच उलटला असेल तर तोही साक्ष देणार नाही.

आता तारखेनुसार फायली लावा. १८ एप्रिलच्या आधीच्या आणि नंतर हात न लावलेल्या फायली सुरक्षित, त्या फक्त वाचल्या गेल्या. १८नंतर हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नेलेल्या असतील तर मूळ अजून हार्ड डिस्कवर आहेत. दोन्हीकडचा चेकसम (फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून पडताळा, जुळला नाही तर मूळ परत आणा. १८ ते ३च्या मध्ये जन्मलेल्या मात्र सगळ्या संशयित. विंडोज त्याच काळात टाकलं असेल तर ते आता नव्याने टाका. हे मशीन विंडोज ११ घेणार नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून स्कॅनिंगपुरतं नेटशिवाय वापरा किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका. स्कॅनर चालतो का ते आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं.

---

सुदामानगर, ८ मे, रात्री ९:१५

ताई, ठिसूळ पानांसाठी एक. फ्लॅटबेडवर वही उलटी दाबू नका, वरून मोबाइलने फोटो काढा. मोबाइल स्टँडला लावायचा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, आणि पानावर हात न लावता. आमच्या वडिलांची पत्रं मी अशीच केली. पानाला दुसऱ्यांदा काचेवर जायची वेळ येणार नाही.

---

कान्हकाठ, १५ मे, रात्री ११:३०

सुदामानगरकाका, तुमचं ऐकलं. वही उशीवर अर्धी उघडी ठेवते, वर मोबाइल. एकही कोपरा तुटला नाही.

२१२पैकी १४० झाली. पडताळताना जुन्या आणि नव्या प्रती शेजारी लावते. हिरवी चार होती, त्याशिवाय आणखी तीन अशी निघाली की जी मी चांगली समजले होते. त्यातल्या एकात एका ओळीच्या शेवटी बोटभर राखाडी चौकोन आहे, कागदाचा डाग वाटावा असा. दांडियाबाजारदादांनी सांगितलं नसतं तर तो डागच राहिला असता.

आणि ते पहिलं हिरवं पान परत मिळालं. एप्रिल १९५७. वरच्या अर्ध्यात आणे-पै आहेत. खालच्या अर्ध्यात, जिथे सगळं सरकलं होतं, तिथे आजीने आडवी रेघ मारून लिहिलंय: "आजपासून नवे पैसे." (त्याच महिन्यात आणे-पै जाऊन दशमान पैसे आले.) खाली दुधाच्या रकमेशेजारी कंसात परत आण्यांत तीच रक्कम, बहुधा दूधवाल्याला समजावायला. सहा-सात दिवस असं दोन्हीकडे लिहिलंय, मग कंस बंद होतात.

उद्या उरलेली ७२ घेते. जुनी ४ जीबी तशीच ठेवलीय, दोन्ही मिळून १२ दिसतात आणि आज दुपारी ४१ अंशांतही मशीन एकदाही पडलं नाही.